एका ‘हौ’एवढा वेळ

२१ जानेवारी १९६८, रविवार. नवा तांदूळ पाखडून, कडुलिंबाची वाळलेली पानं घालून भरून ठेवायचं काम आज काढलं. त्यासाठी जुना पिपा रिकामा करायला घेतला, तर तळाशी फडक्यात बांधलेला कॅमेरा हाताला लागला. तो तिथे मीच ठेवला होता, विसरले होते असं नाही. दमट हवेत भिंगाला बुरशी लागते आणि तांदळात वस्तू कोरडी राहते, हे मला ज्या माणसाने सांगितलं त्याच्याबद्दल आधी लिहून टाकावं म्हणते. नाहीतर दिवसभर सुपात तोच येत राहील.

नापसंत करण्याची कला या जिल्ह्यात कोणाला पुरती साधली असेल, तर ती वारासिवनीच्या घडीवाल्या भाऊंना. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात, आणि घड्या दुरुस्त करणारा तो घडीवाला. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर भाताच्या गिरणीची धूळ इतकी बसलेली असे की ते कोणी वाचलं नव्हतं. सहा वर्षं दर रविवारी हा माणूस नॅरोगेजच्या छोट्या गाडीने बालाघाटला आमच्या घरी येत होता. काम एकच, मला कॅमेरा निवडून देणं. सहा वर्षांत त्यांनी अकरा कॅमेरे आणले आणि अकराही नापसंत केले. बारावा देऊन गेले, त्याला आज तीन रविवार झाले, ते परत आलेले नाहीत. आणि आज सकाळी वारासिवनीकडून येणारा आमचा दूधवाला माप ओतता ओतता सांगून गेला, “घडीवाले भाऊ दुकान देऊन राह्यले, बाई. येत्या गुरुवारी नागपूरले चालले पुतण्याकडे. आता तिकडंच राहतीन म्हणते.” मी म्हटलं, “बरं. दूध पातळ आहे आज.”

कॅमेरा हवा होता तो आईसाठी. तिला मरायच्या आधी स्वतःचा एक फोटो पाहिजे होता, आणि गावातल्या स्टुडिओत ती एकदा जाऊन आली होती. तिथे मागच्या पडद्यावर तळं, तळ्यात हंस आणि पलीकडे एक राजवाडा रंगवलेला होता. आई खुर्चीतून उठलीच. “मले या डबऱ्यात काहून बसवता? मी अंगणात बसतो, माह्या बाजेवर. काढायचा तर तिथं काढा.” स्टुडिओवाला अंगणात यायला तयार नव्हता. मी शाळेत गणित शिकवते. एखादं यंत्र कसं चालतं हे मला पंधरा मिनिटांत कळतं असा माझा समज आहे. तेव्हा ठरवलं की साधासा, वापरलेला कॅमेरा घ्यावा आणि आपणच काढावा. माझं मनगटी घड्याळ तेव्हा भाऊंकडे दुरुस्तीला होतं. सहज विचारलं, “नवशिक्या माणसाने कोणता घ्यावा?” त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं आणि म्हणाले, “हे घाईचं काम नाही, बाई. पाहा लागंन.”

‘पाहा लागंन’ हे ते स्थळ पाहावं तसं म्हणाले होते, हे मला पहिल्या रविवारी कळलं. टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा मांडीवर घेऊन ते बाजेच्या कडेला बसले आणि मुलीकडच्यांची माहिती सांगावी तशी सांगू लागले. कोणाच्या घरचा, किती हातांतून गेला, घरात धुराची चूल होती की स्टोव्ह, मालक का विकतोय. “विकायचं कारण पहिले विचारजा. जो म्हणते, ‘काही नाही, असाच,’ त्याचा घेऊ नका. त्याच्यात काहीतरी असते.” बैहरच्या जंगलखात्यातल्या साहेबाने बदली होताना असाच एक ‘काही नाही’ म्हणून दिला होता. भाऊंनी मागचं झाकण उघडलं, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. त्यांनी झाकण हलक्या हाताने बंद केलं. “याच्यात अगोदरच बिऱ्हाड आहे,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बैहरच्या बसने तो माशीसकट परत पाठवला. लालबर्ऱ्याच्या एका गिरणीमालकाच्या मुलाचा आला, तो उघडल्यावर आम्ही तिघंही शिंकत बसलो, इतका कोंडा. मालकांना नकार कळवायची त्यांची रीतही लग्नातलीच. थेट नाही म्हणायचं नाही. पोस्टकार्डावर दोन ओळी: ‘वस्तू चांगली आहे. पण योग दिसत नाही.’

त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. आईने एकदा सरळ विचारलं, तर पन्नाशीला टेकलेला तो माणूस गंभीरपणे म्हणाला, “पाहून राह्यलो.” माझंही झालेलं नाही. धाकट्या तिघांची शिक्षणं करता करता ते करायचं राहिलं. त्याचं मला काही विशेष वाटत नाही, पण माहिती अर्धवट राहू नये म्हणून लिहिते.

भाऊंच्या मनगटावर कधी घड्याळ नसे. “हलवाई मिठाई खाते काय?” असं ते विचारत. डोळ्याचं भिंग मात्र कपाळावर सरकवलेलं तसंच राही, आणि स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत लोक त्यांना वाट देत, कारण लांबून पाहणाऱ्याला कपाळावर तिसरा डोळा असल्याचा भास होई. दुकानात भिंतीवर वीसेक घड्याळं टांगलेली, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. एकदा मी म्हटलं, यातलं बरोबर कोणतं? ते म्हणाले, “सगळेच आपापल्या घरी बरोबर होते.” असल्या उत्तराला मी शाळेत शून्य देते.

पण कान असा की त्याला तोड नाही. कॅमेऱ्याचं शटर सावकाश चालवलं की आत घड्याळासारखीच दातेरी चाकं फिरतात. काटा एक सेकंदावर ठेवायचा, खटका दाबायचा आणि ऐकायचं. घड्याळ न वापरणाऱ्या या घडीवाल्याचं सेकंदाचं माप एकच होतं: पोटभर जेवलेल्या, घाई नसलेल्या माणसाने म्हटलेला एक ‘हौ’. ‘ह’ला शटर उघडलं पाहिजे आणि ‘औ’ संपता संपता मिटलं पाहिजे. ते डोळे मिटून कॅमेरा कानाशी धरत, खटका दाबत आणि त्याच्याबरोबर पुटपुटत, “हौऽ.” मग निदान. “हा धाकात हाये. ‘ह’ म्हणते आन् गप होते. सुनेसारखा.” किंवा, “हा तहसिलीतला हौ. उघडते, पण मिटतच नाही. काम होईन म्हणते आन् होत नाही.” एकदा एका कॅमेऱ्याला त्यांनी चांगलं पाव तास ऐकलं आणि खिन्नपणे म्हणाले, “हा खोटं बोलून राह्यला.”

इथे माझी एक अडचण सांगायला हवी. ‘हौ’ या शब्दाशी माझं वीस वर्षांचं वैर आहे. आमच्या शाळेत मराठीचा एकच वर्ग उरला आहे, बाकी सगळं हिंदीत. पण मुली दोन्ही भाषांत ‘हौ’च म्हणतात. हजेरी घेतली की हौ, गृहपाठ केला का, हौ, डोकं दुखतंय का, हौ. मी वीस वर्षं टेबलावर पट्टी आपटून सांगत आले, “हौ नाही, हो म्हणा.” घरात आई मुद्दाम म्हणते. आणि दर रविवारी माझ्याच अंगणात एक माणूस यंत्रांकडून तोच शब्द म्हणवून घेत होता.

मी कॅमेऱ्याविना रिकामी राहू नये म्हणून त्यांनी मला अभ्यास दिला होता. पोस्टकार्डाला मधोमध चौकोनी खिडकी कापून दिली. “महिनाभर याच्यातून पाहा. पहिले डोळ्याले सवय लागू द्या, मंग हाताले.” तो महिना सहा वर्षं चालला. हिवाळ्यात आम्ही तिघं कधीकधी वैनगंगेवर जात असू. आई दगडावर उन्हात बसे, आणि आम्ही दोघं पोस्टकार्ड आळीपाळीने डोळ्यापुढे धरून काठाने चालत असू. पाण्यावर धुकं असे. पलीकडचा काठ असे आणि नसे. नाव यायची ती आधी आवाजाने यायची, मग वल्ह्याने, मग कुठे माणूस दिसे. भाऊ चालता चालता थबकत. “थांबा… थांबा… आता.” हवेतच बोट दाबत, मनात हौ म्हणत आणि पुढे चालू लागत. “झाला.” मी म्हणे, “काय झाला? ना कॅमेरा, ना फिल्म.” ते म्हणत, “तुम्ही पाह्यला ना?” गंमत अशी की पुढे चार महिन्यांनी, मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, ताक पिता पिता ते अचानक म्हणत, “तो नावेवाला आठवते काय? त्याची सावली त्याच्या पुढं निघून गेलती,” आणि मला ते आठवे. गणिताच्या माणसाला न काढलेले फोटो आठवणं बरं नव्हे. पण माझ्याकडे असे बरेच साठले आहेत.

एकदा त्यांनी घडीचा कॅमेरा आणला. घडीचा म्हणजे मिटणारा, लोहाराच्या भात्यासारखा चामड्याचा भाता असलेला. भात्याला भोकं आहेत का हे पाहायची रीत अशी की खोलीत अंधार करायचा आणि भात्याच्या आत बॅटरी लावायची. भर दुपारी आम्ही खिडक्यांना गोधड्या बांधल्या, दारावर आईचं लुगडं सोडलं. भाऊंनी बॅटरी लावली, आणि त्या जुन्या चामड्याच्या घड्यांतून शेकडो ठिपके छतावर, भिंतीवर, उतरंडीवर पसरले. त्यांनी भाता जरा मिटला तर ठिपके एकमेकांच्या जवळ आले, उघडला तर लांब गेले. मग अंधारातून आई म्हणाली, “सगळं आभायच आणलं व माय घरात.” भाऊ हळूच म्हणाले, “नापसंत. पण पाहून घ्या.” आणि बॅटरीचे सेल उतरेपर्यंत त्यांनी तो भाता उघडमीट केला. बाहेर आल्यावर उन्हाने डोळे दिपले आणि चहा उतू गेलेला होता.

या सगळ्यात नवशिक्याला उपयोगी अशा गोष्टी मला कळत गेल्या, त्या कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते. भिंग उन्हासमोर धरून पाहावं, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. ज्याची फिल्म गावात मिळत नाही तो कॅमेरा कितीही देखणा असो, घेऊ नये. भाऊ म्हणत, “रोज उपाशी ठेवायची तर घरात काहून आणायची?” आणि ज्याच्यावर जास्त काटे, त्याच्यात नवशिक्या माणूस काटेच पाहत बसतो, समोरचं निघून जातं.

मागच्या डिसेंबरात अकरावा आला. जर्मन, भारवेलीच्या खाणीतल्या एका इंजिनियरचा. भिंग झऱ्याच्या पाण्यासारखं. भाता नवा. फिल्म आमच्या बाजारात मिळणारी. भाऊंनी काटा एक सेकंदावर ठेवून खटका दाबला आणि आम्ही तिघांनीही ऐकलं. कॅमेऱ्याने असा स्वच्छ, शांत ‘हौ’ म्हटला की माझ्याने पट्टी आपटवली नसती. भाऊंनी पुन्हा दाबला. पुन्हा तोच. सात वेळा दाबला. शेवटी टॉवेल गुंडाळू लागले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “याचं चामडं… बाईंच्या हाताले शोभत नाही.”

आईला खोकला आला. तो खोटा होता, मला कळतं. पण मी चिडले होते. म्हटलं, “भाऊ, आता पुरे. सहा वर्षं झाली. संक्रांत झाली की मी नागपूरला जाते आणि दुकानातून नवा कोरा घेऊन येते.”

ते टॉवेल बांधून निघाले. वर्षातल्या शेवटच्या रविवारी आले ते एक काळा डबा घेऊन. खरोखरच डबा, चौकोनी, पुढे एक छोटं भिंग, वर नखाएवढी काच, बाजूला एक खटका. लहान पोरांनाही चालवता येईल असा. “हा घ्या. नवशिक्याले हाच पाहिजे. रोल भरलेला आहे.”

“हाच पाहिजे, तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“पहिल्या दिवशी सांगितलं असतं,” भाऊ म्हणाले, “तर पहिल्याच दिवशी झालं असतं.”

हे असलं वाक्य मी फळ्यावर लिहून खोडून टाकलं असतं. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा ते मला खटका समजावू लागले. उन्हात असाल तर ही खूण, तो आपला आपण उघडून मिटतो. सावलीत, घरात असाल तर ही दुसरी. “यात चाकं नाहीत, बाई. याले हौ म्हणता येत नाही. कशावर तरी टेकवून ठेवा, बोट दाबून धरा, आन् आपणच म्हणा. म्हणून झालं की बोट उचला.”

“‘हो’ म्हटलं तर नाही चालणार?”

त्यांनी खरंच विचार केला. मनात दोन्ही म्हणून पाहिलं असावं. “‘हो’ आखूड पडते, बाई. फोटो काळा येते.”

चहा न घेताच उठले. सहा वर्षं दर रविवारी फाटकाशी थांबून ते विचारत, “मंग पुढच्या रविवारी येऊ ना?” आणि मी म्हणत असे, “बघा, सवड असेल तर.” त्या दिवशी विचारलं नाही. फाटकाची कडी लावली, ती नीट बसली का पाहिली आणि गेले.

तर तो डबा आज तांदळातून वर आला. फडकं सोडलं आणि प्रथमच पाठीमागे नीट पाहिलं. तिथे एक लाल काचेची बारीक गोल खिडकी असते, तिच्यातून रोलचा आकडा दिसतो. नवा रोल असेल तर एक दिसायला हवा. दिसत होता आठ. आठच फोटो असतात त्या रोलमध्ये. म्हणजे सात काढून झालेले.

“आई, या डब्याला कोणी हात लावला होता?”

आई कडुलिंबाची काडकी निवडत होती. “घडीवाल्यानंच काढले. एक माहा हाये त्याच्यात. बाजेवर बसून.”

“कधी?”

“तू चहा ठेवाले गेलती तवा. बाकीचे सहा रस्त्यानं काढत आलतो म्हणे. टेसनापासून तं आपल्या फाटकापर्यंत. सहा वर्षं ज्या रस्त्यानं आलो तो ठेवून देतो म्हणे. आठवा बाईंचा, त्याइले जो काढा वाटंन तो.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तू इचारलं काय? पिप्यात टाकून दिला तू त्याले.” मग ती सूप बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाली, “आठवा काढल्याबिगर रोल निघत नाही म्हणे. माहा फोटो अडकून राह्यला तुह्यापायी. आन् एक सांगतो. सहा वर्षं त्याले भाऊ भाऊ काहून म्हणत राह्यली तू?”

मी तांदूळ पाखडला. सगळा. पानं घातली, पिपा भरला, झाकण लावलं. अकरा वाजता सवयीने चहा तीन कप झाला. तिसरा आईने प्यायला.

२२ जानेवारी, सोमवार. आज सकाळी शाळेत अर्ज पाठवला. वीस वर्षांत प्रथमच कारणाच्या रकान्यात ‘खासगी’ लिहिलं. छोट्या गाडीने वारासिवनीला उतरले. पिशवीतला डबा मांडीवर धरून येताना लक्षात आलं की मी त्याला टॉवेलातच गुंडाळून आणलं आहे. दुकान उघडं होतं. आत अंधार, दाराचं ऊन फक्त गल्ल्याच्या काचेपर्यंत आलेलं, आणि ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकलेले. मान वर न करता म्हणाले, “ठेवून जा. बुधवारपर्यंत देतो, मंग मी नाही.”

मी डबा काचेवर टेकवला. दुसरी खूण लावली. वरच्या नखाएवढ्या काचेत ते दिसले, डावीकडचे उजवीकडे झालेले, अगदी लहान. “हलू नका,” मी म्हटलं. ‘भाऊ’ जोडायचं राहून गेलं.

त्यांनी वर पाहिलं. भिंगातला तो एक डोळा केवढा मोठा झाला होता. मी बोट दाबलं, आणि पोटभर जेवलेल्या, कसलीही घाई नसलेल्या माणसासारखं, पूर्ण, काठापर्यंत म्हटलं, “हौऽ.”

बोट उचललं.

त्यांनी हळूहळू डोळ्याचं भिंग काढलं. बाहेर गिरणीचा पट्टा फिरत होता. कॅमेरा ऐकताना मिटत तसे डोळे मिटले, आणि मग सहा वर्षांत, अकरा कॅमेऱ्यांत, एकदाही न वापरलेला शब्द त्यांनी पुसून ठेवल्यासारखा समोर ठेवला.

“पसंत.”

भिंतीवरची वीस घड्याळं वीस वेळा दाखवत होती. त्यातल्या कुठल्या तरी वेळेला बालाघाटात माझा पहिला तास सुरू झाला असणार. मी कुठलंच बघितलं नाही, बाक पदराने झटकला आणि बसले.